पुण्यातील जुने वाडे आणि त्यांचे संवर्धन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या पेठांमधील वाड्यांविषयी सर्वाधिक प्रश्न पर्यटक विचारत नाहीत. ते विचारतात वाड्यांचे मालक, त्यांचे भाऊबंद आणि दोन-तीन पिढ्यांपासून तेथे राहणारे भाडेकरू. म्हणून पुढील उत्तरे त्यांच्या अडचणी डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. नियमांचे तपशील वेळोवेळी बदलतात, त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी महापालिकेच्या संबंधित विभागात प्रत्यक्ष चौकशी अवश्य करावी.

वाडा ‘वारसा यादीत’ आहे म्हणजे नेमके काय, आणि ही यादी कोणत्या कायद्याने तयार होते?

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यानुसार शहराची विकास योजना तयार करताना ऐतिहासिक, वास्तुशास्त्रीय आणि नैसर्गिक महत्त्वाची ठिकाणे जपण्याची तरतूद करता येते. शहरातील वारसा यादीचा कायदेशीर पाया हाच आहे. या आधारावर मुंबईसाठी १९९५ मध्ये वारसा नियम लागू झाले; खासगी मालकीच्या राहत्या घरांनाही संरक्षण देणारे असे नियम करणारे मुंबई हे देशातील पहिले शहर ठरले. पुढे राज्यातील इतर शहरांनी त्याच धर्तीवर नियम केले. पुण्याला आता डिसेंबर २०२० पासून लागू झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे आणि वारसा इमारतींविषयीच्या तरतुदी तिच्यात समाविष्ट आहेत.

यादी कायम होण्यापूर्वी तिचा मसुदा प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती व सूचना मागवल्या जातात. ही सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर छापून येते आणि बहुतेक कुटुंबांच्या नजरेतून सुटते. मग कित्येक वर्षांनी बांधकाम परवानगीसाठी अर्ज केल्यावर, आपला वाडा यादीत आहे, हे मालकाला प्रथमच कळते आणि तेथूनच कटुतेला सुरुवात होते. यादीतील प्रत्येक मिळकतीच्या दारात जाऊन, सर्व वारसदारांना मराठीत लेखी माहिती देणे, हे काम महापालिकेने करायलाच हवे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शनिवारवाडा आणि आमचा सदाशिव पेठेतला वाडा, दोन्ही ‘हेरिटेज’ असतील तर दोघांना नियम एकच का नाहीत?

कारण संरक्षणाचे तीन वेगळे मार्ग आहेत. शनिवारवाडा १९५८ च्या केंद्रीय कायद्याखाली संरक्षित स्मारक आहे आणि त्याची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खाते करते. गंज पेठेतील महात्मा फुले वाडा राज्य संरक्षित स्मारक आहे. त्यासाठी १९६० चा राज्याचा स्वतंत्र कायदा आहे. तिसरा मार्ग म्हणजे शहराची वारसा यादी. पहिल्या दोन प्रकारांतील वास्तू मुख्यतः पाहण्यासाठी राखलेल्या असतात. तिसऱ्या प्रकारात मात्र माणसे राहतात, ओसरीवर सायकली उभ्या असतात, चौकात कपडे वाळत असतात आणि देवघरात रोज दिवा लागतो. त्यामुळे या घरांना स्मारकाचे नियम लावून चालत नाहीत.

श्रेणी १, २ आणि ३ यांत फरक काय?

श्रेणी १ मध्ये राष्ट्रीय किंवा अत्यंत मोठ्या ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू येतात. वास्तूला बळकटी देण्यासाठी अपरिहार्य असेल तेवढाच हस्तक्षेप तेथे करता येतो, मग तो आतून असो वा बाहेरून. श्रेणी २ मध्ये प्रादेशिक किंवा स्थानिक महत्त्वाच्या इमारती असतात. त्यांत अंतर्गत बदलांना आणि नव्या वापराला साधारणपणे वाव असतो, परंतु बाह्यरूपातील बदल काटेकोरपणे तपासले जातात. श्रेणी ३ मधील इमारती गल्लीचे किंवा पेठेचे एकंदर रूप घडवतात आणि त्यांत आतील व बाहेरील बदलांना अधिक मोकळीक असते. दुर्दैवाने ‘श्रेणी ३ म्हणजे पाडायला हरकत नाही’ असा समज रूढ झाला आहे. एका रांगेतल्या पाच वाड्यांपैकी तीन गेले की उरलेल्या दोघांनी गल्लीचे रूप कसे टिकवायचे, हा विचार श्रेणी देताना आणि नंतर परवानगी देताना व्हायला हवा.

वाडा यादीत आल्यावर तो सरकारजमा होतो का? विकता येतो का?

नाही, वाडा सरकारजमा होत नाही. मालकी, वारसाहक्क, भाड्याचे उत्पन्न आणि विक्रीचा अधिकार, हे सर्व पूर्वीप्रमाणेच राहते. सर्वसामान्य लोकांना आत येऊ द्यावे, असेही बंधन नाही. यादीमुळे बांधकामविषयक कामांना पूर्वपरवानगी लागते, एवढाच बदल होतो. वाडा विकत घेणाऱ्यालाही हे बंधन लागू राहते, म्हणून व्यवहारापूर्वी मिळकत पत्रिकेबरोबरच वारसा यादीतील नोंदही तपासावी.

कोणत्या कामांना परवानगी लागते?

नियमांची व्याप्ती बरीच मोठी आहे. पाडकाम, वाढीव बांधकाम आणि फेरबदल यांबरोबरच दुरुस्ती, गिलावा, रंगकाम आणि कोरीव खांब, महिरपी यांसारखी वैशिष्ट्यपूर्ण अंगे बदलणे, या सर्वांना आयुक्तांची लेखी पूर्वपरवानगी आवश्यक मानली आहे. आयुक्त वारसा संवर्धन समितीचा सल्ला घेऊन निर्णय देतात. अर्जासोबत सद्यस्थितीची छायाचित्रे, मोजमापाचे नकाशे आणि कामाचे वर्णन द्यावे लागते, आणि जुन्या लाकडी बांधकामाचा अनुभव असलेला वास्तुविशारद सोबत असल्यास काम सुलभ होते.

येथे एक अडचण मनापासून मांडावीशी वाटते. मे महिन्यात कौले चाळायची असताना परवानगी जुलैमध्ये हाती आली, तर त्या परवानगीचा उपयोग नाही. फुटलेली कौले बदलणे, पन्हळी साफ करणे, कुजलेल्या एका वाशाच्या जागी त्याच मापाचा दुसरा वासा घालणे, या नेहमीच्या देखभालीसाठी केवळ माहिती कळवण्याची सोपी पद्धत असायला हवी. छोट्या दुरुस्तीला विलंब झाला की मोठी दुरुस्ती ओढवते, आणि मोठ्या दुरुस्तीला पैसे नसतात.

भिंतीला सिमेंटचा गिलावा केला तर बिघडते कुठे? तो तर चुन्यापेक्षा मजबूत असतो.

हा प्रश्न वारंवार येतो आणि वाड्यांचे सर्वाधिक नुकसानही याच समजुतीने झाले आहे, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देत आहोत.

वाड्याचे जोते दगडी असते, त्यावर सागवानी खांब आणि तुळयांचा सांगाडा उभा असतो आणि भिंती विटांच्या असून त्यांची जुडाई मातीत किंवा चुन्यात केलेली असते. अशी भिंत पावसाळ्यात ओल धरते आणि हिवाळ्या-उन्हाळ्यात सुकते. चुन्याचा किंवा मातीचा गिलावा ही ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंटचा गिलावा ती अडवतो. जमिनीतून वर चढलेली आणि फुटक्या कौलांतून उतरलेली ओल मग भिंतीतच साठते आणि सरळ तुळईच्या टोकाकडे जाते, कारण तुळईचे टोक भिंतीत गाडलेले असते.

बाहेरून सर्व काही ठीक दिसते. खोलीत उभे राहून पाहिले तर तुळई काळीभोर, सरळ आणि भक्कम वाटते. परंतु ती भिंतीत शिरते तेथे पेचकस टोचून पाहिला, तर काही वेळा तो मुठीपर्यंत आत जातो आणि बाहेर येतो तो ओलसर, तपकिरी भुगा घेऊन. भिंतीवरचे सिमेंट त्या वेळीही कडक आणि गुळगुळीतच असते. काही वर्षांनी कडीपाटाला, म्हणजे लाकडी छताला, झोळ येतो, वरच्या मजल्याची फरशी एका बाजूला कलते आणि कोणीतरी म्हणते, वाडा जुना झाला, आता पाडावा लागेल.

योग्य उपाय असा, की सिमेंट हलक्या हाताने काढावे, भिंत एक उन्हाळा सुकू द्यावी, तुळईचा कुजलेला भाग कापून तेथे चांगल्या सागाचा तुकडा सांध्याने जोडावा आणि मग चुन्याचा गिलावा करावा. चुना आधी पुरेसे दिवस विझवून मुरवावा लागतो, वाळू मिसळून चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाच्या गिरणीत, मळावा लागतो, आणि जुने गवंडी त्यात गूळ व हिरड्याचे पाणी घालत असत. लावल्यानंतरही तो सावकाश सुकेल, अशी काळजी घ्यावी लागते. हे काम सिमेंटपेक्षा वेळखाऊ आहे आणि ते जाणणारे कारागीर कमी झाले आहेत, हे खरे आहे.

ओलीचे आणखी एक कारण म्हणजे नंतर बसवलेले संडास, मोऱ्या आणि माळ्यावरच्या पाण्याच्या टाक्या. मूळ रचनेत पाण्याची जागा परसात किंवा चौकातल्या हौदावर असे. कात्रजहून दगडी नळाने आणलेले पाणी अनेक वाड्यांच्या हौदांत खेळत होते. पुढे प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र मोरी हवी झाली, ती स्वाभाविकच होती, परंतु लाकडी मजल्यावर लादी घालून केलेली मोरी गळू लागली की खालची तक्तपोशी सडते. संडास-मोऱ्या एका बाजूला, शक्यतो परसाकडे, स्वतंत्र आधारावर एकत्र बांधल्या तर वाड्याचे आयुष्य वाढते.

वाड्याला सर्वांत मोठा धोका कशाचा असतो?

पाण्याखालोखाल आगीचा. शनिवारवाडा १८२८ मध्ये आगीत भस्मसात झाला आणि १८७९ मध्ये बुधवार वाडा जळाला. त्याच वर्षी विश्रामबाग वाड्यालाही आगीची झळ बसली. आजच्या वाड्यांत कापडी वेष्टनाच्या जुन्या विद्युत तारा थेट लाकडावर खिळलेल्या आढळतात. त्या बदलणे हे कोणत्याही कोरीव कामाच्या दुरुस्तीआधी करायचे काम आहे.

महापुराने एका दिवसात काय होऊ शकते, हे पुण्याने १२ जुलै १९६१ रोजी, पानशेत धरण फुटले तेव्हा पाहिले. नदीकाठच्या पेठांतील मातीच्या जुडाईचे असंख्य वाडे त्या पाण्यात बसले.

तिसरा धोका गाजावाजा न करता येतो. रस्त्याकडची ओसरी दुकानाला दिली जाते आणि शटर बसवण्यासाठी मधला खांब काढून लोखंडी तुळई घातली जाते. त्या खांबावर वरचे दोन मजले उभे असतात.

महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली आहे. आता वाडा पाडावाच लागेल का?

प्रत्येक नोटिशीचा अर्थ पाडकाम असा नसतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ नुसार पडण्याच्या स्थितीतील बांधकाम काढून टाकण्यास, दुरुस्त करण्यास किंवा सुरक्षित करण्यास महापालिका सांगू शकते. पावसाळ्यापूर्वी जुन्या वाड्यांची पाहणी करून धोक्याच्या प्रमाणानुसार वर्गवारी केली जाते; अतिधोकादायक ठरलेली इमारत रिकामी करावीच लागते, परंतु इतर वर्गांत दुरुस्तीचा पर्याय असतो. माणसांच्या जिवाला धोका असेल तेथे वारशाचा मुद्दा मागे पडतो आणि तसेच व्हायला हवे.

मात्र अहवाल कोणी दिला, हे अवश्य पाहावे. काँक्रीटसाठी वापरली जाणारी हातोडी-चाचणी लाकडी सांगाड्याविषयी काहीही सांगत नाही. तुळयांची टोके, खांबांचे तळ, सांधे आणि वाळवी यांची प्रत्यक्ष तपासणी नसलेला अहवाल अपुरा समजावा आणि लाकडी बांधकाम जाणणाऱ्या संरचना अभियंत्याकडून दुसरा अहवाल मागावा. तोपर्यंत टेकू देऊन भाग सुरक्षित करता येतो.

भाडे नाममात्र आहे. अशा स्थितीत दुरुस्ती कोणी करायची?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार जागा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने दुर्लक्ष केल्यास भाडेकरू किमान १५ दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असू शकत नाही. कायद्याने दरवर्षी ४ टक्के भाडेवाढीचीही मुभा दिली आहे.

आता प्रत्यक्ष हिशेब करून पाहावा. महिन्याचे भाडे ५० रुपये असेल तर वर्षाचे ६०० रुपये होतात आणि भाडेकरूला १५० रुपये वळते करता येतात. एवढ्या पैशांत सुताराची एका दिवसाची मजुरीही भागत नाही. मालकाला ६०० रुपयांत घरपट्टीही परवडत नाही. म्हणून दोघेही थांबतात, आणि दरम्यान पागोळ्या भिंतीवर पडत राहतात. मालकांना लोभी ठरवून किंवा भाडेकरूंना चिवट म्हणून या गाठीची उकल होत नाही. ज्या वाड्यांत मालक व भाडेकरू यांनी एकत्र बसून, भाडेपावतीचा वाद बाजूला ठेवून, छपरापुरती वर्गणी काढली आहे, ते वाडे आज उभे दिसतात. अशा खर्चाचा लेखी करार करावा आणि त्यामुळे कोणाचाही मूळ हक्क बाधित होत नाही, असे त्यात स्पष्ट नमूद करावे.

आमचे घर शनिवारवाड्याजवळ आहे. आम्हाला काहीच बांधता येत नाही, असे का?

केंद्रीय कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून किमान १०० मीटरपर्यंतचा परिसर प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटरचा परिसर विनियमित आहे. प्रतिबंधित परिसरात नवे बांधकाम किंवा पुनर्बांधणी करता येत नाही; पूर्वीपासून असलेल्या घराची दुरुस्ती व नूतनीकरण मात्र सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी घेऊन करता येते. विनियमित परिसरात बांधकामासही अशीच परवानगी मिळू शकते.

स्मारकाभोवती उंच इमारती उभ्या राहू नयेत, हा हेतू रास्तच आहे. परंतु दाट वस्तीच्या पेठेत याचा परिणाम असा झाला, की मोडकळीस आलेला वाडा ना पुन्हा बांधता येतो, ना त्याच्या मालकाला कर्ज मिळते. शनिवारवाड्याभोवती अशी कितीतरी कुटुंबे अडकून पडली आहेत. त्यांच्या बाबतीत दुरुस्तीची परवानगी मिळते, ही गोष्ट महत्त्वाची आहे आणि ती बहुतेकांना माहीत नसते.

वाडा जपल्याबद्दल मालकाला काही मोबदला मिळतो का?

वारसा निर्बंधांमुळे प्लॉटवरील जो एफएसआय, म्हणजे जागेच्या प्रमाणात अनुज्ञेय चटईक्षेत्र, मालकाला वापरता येत नाही, त्याबदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजेच टीडीआर, देण्याची तरतूद नियमांत आहे. हा टीडीआर विकासकाला विकता येतो आणि त्यातून वाड्याच्या दुरुस्तीचा खर्च निघू शकतो. त्यासाठी सर्व सहमालकांची संमती आणि मिळकत पत्रिकेवरील नोंदी नीट असाव्या लागतात. चार पिढ्यांत वाटण्या न झालेल्या वाड्यात येथेच घोडे अडते, कारण एक वारस नागपूरला, दुसरा अमेरिकेत आणि तिसऱ्याचे नाव पत्रिकेवर लागलेलेच नसते. म्हणून वारसनोंदी आधी पूर्ण कराव्यात.

भाडेकरू असलेली जुनी इमारत पाडून पुन्हा बांधणाऱ्यास वाढीव चटईक्षेत्र मिळते आणि त्याचा फायदा ताबडतोब दिसतो. जपणाऱ्याला मिळणारा मोबदला त्या मानाने उशिरा आणि अनिश्चित किमतीत हाती येतो. हा तोल बदलल्याशिवाय वाडे वाचवण्याचे आवाहन बहुतेक कुटुंबांना पटणार नाही.

वाड्याचा दुसरा काही उपयोग करता येतो का?

नियमांना धरून करता येतो, आणि वापरात असलेला वाडाच टिकतो. विश्रामबाग वाड्याचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. दुसऱ्या बाजीरावांनी १९व्या शतकाच्या पहिल्या दशकात तो बांधला, १८२१ मध्ये तेथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, आणि पुढे तेथे नगरपालिकेचा कारभारही चालला. दर्शनी भागातील सुरूच्या आकाराचे खांब आजही पाहता येतात. नारायण पेठेतील गायकवाड वाडा लोकमान्य टिळकांनी १९०५ मध्ये घेतला आणि तो केसरी वाडा म्हणून आजही वापरात आहे. अभ्यासिका, संगीताचे वर्ग, छोटे कार्यालय, पाहुण्यांसाठी खोल्या, असे उपयोग चौकाच्या रचनेला मानवतात. जड यंत्रे किंवा मोठी भटारखाने मात्र लाकडी वाड्यात आणू नयेत.

फक्त दर्शनी भाग ठेवून मागे इमारत बांधली तर चालेल का?

काही श्रेणींत अशा प्रस्तावांचा विचार होऊ शकतो. आमचे मत विचाराल, तर वाडा म्हणजे चौक. दिंडीतून, म्हणजे मोठ्या दरवाजातील लहान दारातून, वाकून आत आल्यावर अचानक उघडणारे आकाश, त्याभोवतीची ओसरी, सोपा आणि माजघर, हा क्रम गेला तर पुढची महिरप चित्रासारखी उरते. निदान पहिला चौक राखून बांधकाम मागच्या परसात करता येईल का, हे आधी तपासावे.

आमचा वाडा यादीत नाही, पण तेथे महत्त्वाची घटना घडलेली आहे. काय करावे?

घटना, व्यक्ती व कागदपत्रे यांच्या पुराव्यासह महापालिकेकडे लेखी प्रस्ताव द्यावा आणि वेळ दवडू नये. बुधवार पेठेतील भिडे वाड्यात १८४८ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. स्मारकाचा निर्णय आणि न्यायालयीन लढा यांत वर्षे गेली आणि तोवर वास्तू जपण्याच्या पलीकडे गेली. डिसेंबर २०२३ मध्ये ती पाडून स्मारकासाठी जागा मोकळी करण्यात आली. स्मारक होईल, परंतु ज्या खोल्यांत त्या मुली बसल्या त्या आता पाहता येणार नाहीत.

वाडा उतरवावाच लागला तर निदान काय जपावे?

प्रथम नोंद. प्रत्येक मजल्याचा मोजमापाचा नकाशा, खणांची संख्या, खांब व तुळयांची मापे आणि चारही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. लाकूड उतरवताना प्रत्येक नगावर क्रमांक घालावा, म्हणजे ते पुन्हा उभारता येते. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष असेच आणून राजा दिनकर केळकर संग्रहालयात उभारले गेले, म्हणून ते आज पाहायला मिळतात. एरवी कोरीव खांब वखारीत वजनावर जातात आणि कुठल्यातरी हॉटेलाच्या दाराशी उभे राहतात.

घरातल्या ज्येष्ठांना सोबत घेऊन प्रत्येक खोलीतून एकदा फिरावे. बाळंतिणीची खोली कोणती, धान्याचे बळद कुठे होते, कोणत्या कोनाड्यात दिवा ठेवत, हौदाचे पाणी कोणत्या बाजूने येई, हे ते सांगतील तसे लिहून घ्यावे आणि नकाशावर त्या त्या जागी नोंदवावे. घरी सनदा, मोडीतील वाटणीपत्रे किंवा जमाखर्चाच्या वह्या सापडल्यास रद्दीत न देता त्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला दाखवाव्यात आणि नकाशांची एक प्रत त्यांच्यासोबत ठेवण्याविषयी विचारावे.